सातपुडा ओळंबा ओढतो तेव्हा : तळोद्याहून मांडलेलं एक दोनशे वर्षांचं गणित

तळोद्याच्या बस स्थानकाबाहेर उभे राहा आणि उत्तरेकडे तोंड करा. ऊस, केळी, पपईच्या शेतांपलीकडे सातपुड्याची भिंत दिसेल. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता या भिंतीला जवळजवळ समांतर धावतो. मागे, दक्षिणेला, तापीचं सपाट खोरं. उत्तरेला मात्र जमीन उठत उठत अक्राणीच्या डोंगराळ मुलखात जाते. त्या डोंगरांत १३२५ मीटर उंचीचं अस्तंभा शिखर आहे. धनत्रयोदशीच्या सुमाराला अश्वत्थाम्याच्या यात्रेसाठी हजारो लोक पायी चढून जातात, तेच हे शिखर.

आता एक साधा प्रश्न. इथे एखाद्या गवंड्याने भिंत बघायला ओळंबा सोडला, तर तो अगदी सरळ खाली लोंबेल का?

उत्तर आहे, नाही. किंचित उत्तरेकडे झुकेल. किती? एक मीटर दोरीचा ओळंबा असेल तर केसाच्या जाडीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका. गवंड्याला याचं काही सोयरसुतक नाही, भिंत पडणार नाही. पण एकोणिसाव्या शतकात ज्यांनी या देशाचा नकाशा बनवला त्यांची झोप या झुकण्याने उडवली होती. माझं संशोधन त्या मोजणीत माणसांनी हाताने केलेल्या आकडेमोडीवर आहे. त्यामुळे हा विषय मला रोज भेटतो. आज तो तुमच्यासमोर मांडतो. अट एकच, कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा. गणित दहावीच्या पलीकडचं नाहीये.

डोंगर ओढतो, हे कुणी मोजलं?

न्यूटनच्या नियमानुसार प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला ओढते. मग डोंगरही ओळंब्याला ओढणारच. पण पृथ्वी इतकी प्रचंड आहे की डोंगराचा ओढा तिच्यापुढे नगण्य. तो मोजता येईल असं खुद्द न्यूटनलाही फारसं वाटत नव्हतं.

पहिला गंभीर प्रयत्न १७३८ साली दक्षिण अमेरिकेत चिंबोराझो पर्वतावर झाला. बुगे आणि ला कोंदामीन हे फ्रेंच शास्त्रज्ञ तिथे पृथ्वीचा आकार मोजायला गेले होते. ओळंबा झुकला खरा, पण अपेक्षेपेक्षा बराच कमी. हा 'अपेक्षेपेक्षा कमी' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा प्रयत्न १७७४ चा, स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगरावरचा. नेव्हिल मॅस्केलिननं डोंगराच्या उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही उतारांवरून ताऱ्यांची निरीक्षणं घेतली. दोन्हीकडे ओळंबा डोंगराकडे झुकला आणि दोन्ही झुकाव मिळून ११.६ सेकंद भरले. इथे सेकंद म्हणजे घड्याळाचा नव्हे, कोनाचा. एका अंशाचे ६० मिनिटं, एका मिनिटाचे ६० सेकंद. आपल्या जुन्या ज्योतिषात याच मापाला विकला म्हणत.

खरं अवघड काम त्यानंतरचं होतं. डोंगर काही गोळा नाही. त्याचा प्रत्येक भाग वेगळ्या दिशेला, वेगळ्या अंतरावर. सगळ्यांचा मिळून ओढा काढायचा कसा? हे काम चार्ल्स हटन या गणितज्ञानं केलं आणि १७७८ साली छापलं. त्यानं निरीक्षणाच्या जागेभोवती समान रुंदीची वर्तुळं काढली, त्यांना त्रिज्यांनी छेदलं आणि प्रत्येक ठिकाणासाठी ९६० स्तंभ तयार केले. गंमत त्रिज्यांच्या दिशांमध्ये आहे. त्यानं कोन समान ठेवले नाहीत, कोनांच्या ज्या, म्हणजे साइन, समान फरकाने वाढतील असे ठेवले. त्यामुळे प्रत्येक स्तंभाचा उत्तर-दक्षिण दिशेतला ओढा फक्त एकाच गोष्टीवर अवलंबून राहिला : त्याचा माथा निरीक्षकाला किती उंच कोनात दिसतो. बाकी सगळं सामाईक गुणक म्हणून बाहेर काढता आलं.

तुमच्या लक्षात आलं का हटननं काय केलं? त्यानं प्रत्येक बलाचा आपल्याला हव्या त्या दिशेतला घटक काढला आणि फक्त घटकांची बेरीज केली. आज आपण याला सदिशांची बेरीज म्हणतो. सदिशांची आजची लिहिण्याची पद्धत गिब्ज आणि हेविसाइड यांनी १८८० च्या दशकात रूढ केली. हटनकडे शब्द नव्हता, काम मात्र तेच होतं.

सातपुड्याशी पहिली गाठ

आता आपल्या मुलखात येऊ. विल्यम लॅम्बटननं दक्षिणेतून सुरू केलेली त्रिकोणांची साखळी विदर्भापर्यंत आली होती. २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं. बिदरजवळच्या दामरगिड्यापासून मध्य भारतातल्या सिरोंजजवळच्या कल्याणपूरपर्यंतचा रेखावृत्ताचा तुकडा त्यानं मोजला आणि १८३० साली त्याचा वृत्तांत छापला. या तुकड्याच्या मधोमध एक ठाणं होतं वऱ्हाडात, एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या परिसरात. जुन्या कागदांत त्याचं नाव ताकलखेडा असं येतं.

अचलपूरच्या उत्तरेला काय आहे? गाविलगड, मेळघाट. म्हणजे सातपुडाच. तळोद्याला जी भिंत दिसते तिचीच पूर्वेकडची बाजू. तिथेही दक्षिणेला सपाट मैदान आणि उत्तरेला डोंगर. उत्तरेचा हा उंच मुलूख ओळंबा ओढत असणार, ही शंका एव्हरेस्टला आली आणि ती त्यानं हिशोबात धरली. सातपुड्याचा ओढा कागदावर आला तो असा.

ओळंबा झुकला तर बिघडतं काय? तर एखाद्या जागेचा अक्षांश काढायला तारा माथ्यापासून किती अंशावर आहे ते बघतात. 'माथा' कुठे, हे ठरवतो ओळंबा किंवा त्याचाच भाऊ, पाणसळ. ओळंब्याचं वजन उत्तरेकडे ओढलं गेलं की दोरीची वरची दिशा दक्षिणेकडे कलते. म्हणजे तुमचा माथा दक्षिणेला सरकतो आणि तुम्ही जिथे आहात त्याच्या थोडे दक्षिणेला आहात असं तारे सांगतात. कोनाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. तारे खोटं बोलत नाहीत, ओळंबाही बोलत नाही. फक्त डोंगर मध्ये पडतो.

चला, तळोद्याचं गणित करू

खऱ्या सातपुड्याचा आकार गुंतागुंतीचा आहे. समजण्यासाठी आपण एक ढोबळ नमुना घेऊ. तळोदा मूळबिंदू. क्ष अक्ष पूर्वेकडे, य अक्ष उत्तरेकडे. उत्तरेला १० किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर रुंद असे डोंगराचे तीन ठोकळे शेजारी शेजारी ठेवा. हे आकडे मी सोयीसाठी घेतलेत, मोजणीतले नाहीत.

अ ठोकळा : केंद्र थेट उत्तरेला १५ किमी. सरासरी उंची ६०० मीटर.
ब ठोकळा : केंद्र १० किमी पूर्वेला, १५ किमी उत्तरेला. उंची ८०० मीटर.
क ठोकळा : केंद्र १० किमी पश्चिमेला, १५ किमी उत्तरेला. उंची ४०० मीटर.

दगड आपला काळा पाषाण, बेसॉल्ट. एका घनमीटरला २.८ टन धरू. मग अ चं वस्तुमान १६८ अब्ज टन, ब चं २२४ अब्ज टन, क चं ११२ अब्ज टन.

आता न्यूटनचं सूत्र. वस्तुमानाला गुरुत्व स्थिरांकाने गुणा, अंतराच्या वर्गाने भागा. एकक म्हणून मिलिगॅल वापरू, म्हणजे शून्यांची रांग टळते. पृथ्वीचं स्वतःचं गुरुत्व इथे सुमारे ९,७९,००० मिलिगॅल आहे. एवढा एक आकडा लक्षात ठेवा.

अ चं अंतर १५ किमी. ओढा येतो ४.९८ मिलिगॅल.
ब चं अंतर पायथागोरसने १८.०३ किमी. ओढा ४.६० मिलिगॅल.
क चं अंतरही १८.०३ किमी, पण वस्तुमान निम्मं. ओढा २.३० मिलिगॅल.

इथे मी पहिल्या वर्षी एक चूक केली होती, तुम्ही करू नका. मी तिन्ही आकडे सरळ मिळवले. ४.९८ अधिक ४.६० अधिक २.३०, म्हणजे ११.८८. आणि खूश होऊन पुढच्या पानावर गेलो. हे चूक आहे, कारण तीन बैल एकाच गाडीला तीन दिशांनी जुंपले तर त्यांची ताकद सरळ मिळवता येत नाही. बाजूला ओढण्यात काही ताकद एकमेकांविरुद्ध खर्च होते.

बरोबर रीत अशी. प्रत्येक ओढ्याचे दोन तुकडे करा, एक उत्तरेकडचा, एक पूर्वेकडचा.

अ : पूर्ण ४.९८ उत्तरेला. पूर्वेला शून्य.
ब : उत्तरेचा वाटा १५ भागिले १८.०३, म्हणजे ०.८३२. पूर्वेचा वाटा १० भागिले १८.०३, म्हणजे ०.५५५. म्हणून उत्तरेला ३.८३, पूर्वेला २.५५.
क : वाटे तेच, पण आडवा घटक पश्चिमेला. म्हणून उत्तरेला १.९१, पूर्वेला उणे १.२८.

आता उत्तरेची बेरीज उत्तरेशी, पूर्वेची पूर्वेशी. उत्तरेला १०.७२ मिलिगॅल. पूर्वेला १.२७ मिलिगॅल. एकूण परिमाण हवं असेल तर पुन्हा पायथागोरस : १०.८ मिलिगॅल. दिशा उत्तरेपासून सुमारे ७ अंश पूर्वेला, म्हणजे जड ठोकळ्याकडे कललेली.

माझी चुकीची बेरीज खऱ्या उत्तरापेक्षा दहा टक्के जास्त होती. आणि त्याहून वाईट म्हणजे तिला दिशाच नव्हती.

शेवटची पायरी. आडवा ओढा भागिले उभा ओढा, म्हणजे झुकावाचा कोन. १०.७२ भागिले ९,७९,०००, आणि सेकंदांत आणायला गुणिले २,०६,२६५. उत्तर, उत्तरेकडे २.२६ सेकंद. तसंच पूर्वेकडे ०.२७ सेकंद. जमिनीवर याचा अर्थ, ताऱ्यांवरून काढलेलं तळोदा खऱ्या जागेपेक्षा सुमारे ७० मीटर दक्षिणेला जाईल आणि सुमारे ८ मीटर पश्चिमेला.

दोन घटक वेगळे ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. उत्तरेचा घटक अक्षांश बिघडवतो. पूर्वेचा घटक रेखांश आणि दिशा बिघडवतो. एव्हरेस्टला उत्तर-दक्षिण रेखावृत्ताची लांबी हवी होती, म्हणून त्याला प्रामुख्याने पहिल्याची काळजी. तीन ठोकळ्यांऐवजी ९६० स्तंभ घ्या, की हटनचं काम तुमच्यासमोर आहे. तेही दिव्याच्या उजेडात, लॉगॅरिदमच्या कोष्टकांवर.

गणित बरोबर, उत्तर चूक

आता खरी गोष्ट. एव्हरेस्टनं पुढे साखळी कल्याणपूरहून उत्तरेला, मुजफ्फरनगरजवळच्या कलियानापर्यंत नेली. दुसरा वृत्तांत १८४७ साली आला. या दोन ठाण्यांमधलं अक्षांशाचं अंतर दोन रीतींनी निघालं. त्रिकोणांच्या साखळीवरून ५ अंश २३ मिनिटं ४२.२९ सेकंद. ताऱ्यांवरून ५ अंश २३ मिनिटं ३७.०६ सेकंद. फरक सव्वापाच सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटर. वर्षानुवर्षं उन्हातान्हात, तापात, जंगलात माणसं खपवून केलेल्या मोजणीत १६० मीटरची चूक? एव्हरेस्टनं ती मोजणीत साचत गेलेल्या चुकांच्या खाती टाकली आणि साखळीभर वाटून दिली.

जॉन हेन्री प्रॅट हा कलकत्त्याचा आर्चडीकन, म्हणजे चर्चमधला मोठा अधिकारी. पण मूळचा केंब्रिजचा गणिती. त्यानं विचारलं, चूक मोजणीची कशावरून? हिमालय ओळंबा ओढत असेल तर? त्यानं हिमालय आणि त्यामागचा तिबेटचा उंच प्रदेश कप्प्यांत वाटला, प्रत्येक कप्प्याचा ओढा काढला आणि घटकांची बेरीज केली. आपण आत्ता तीन ठोकळ्यांचं जे केलं तेच, अर्ध्या आशिया खंडावर.

उत्तर आलं : कलियानाला झुकाव २७.८५३ सेकंद, कल्याणपूरला ११.९६८ सेकंद. दोहोंतला फरक १५.८८५ सेकंद.

थांबा आणि हा आकडा पुन्हा बघा. स्पष्ट करायचे होते सव्वापाच सेकंद. हिमालय द्यायला निघाला जवळजवळ सोळा. तिप्पट!

प्रॅटची जागा घेऊन विचार करा. गणित पुन्हा पुन्हा तपासलं, चूक सापडत नाही. आकडे कितीही ओढूनताणून कमी केले तरी सव्वापाचावर येत नाहीत. अशा वेळी तो आकडा दडपून टाकणं सोपं असतं. त्यानं तसं केलं नाही, न जुळणारं उत्तर न जुळणारं म्हणूनच पाठवलं. ते १८५५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा क्षण हा आहे.

कारण त्याच वर्षी त्याच नियतकालिकात ग्रिनिचच्या जॉर्ज एअरीनं उत्तर दिलं. त्याचं म्हणणं, बेरीज बरोबर आहे, पण एक सदिश तुम्ही धरलाच नाही. पाण्यावर तरंगणारे लाकडाचे ओंडके बघा. जो ओंडका पाण्याच्या वर जास्त दिसतो तो पाण्याखालीही जास्त खोल असतो. डोंगरही तसेच. वर जितका डोंगर, त्याच्या कितीतरी पट हलक्या खडकाचं मूळ खाली जड थरात रुतलेलं. जिथे जड खडक असायला हवा तिथे हलका आहे, म्हणजे तिथे वस्तुमानाची तूट. आणि तूट म्हणजे उलट्या दिशेचा सदिश. वरचा डोंगर ओळंब्याला उत्तरेला ओढतो, खालचं मूळ जणू दक्षिणेला ढकलतं. उरतो तो फरक.

चिंबोराझोचा 'अपेक्षेपेक्षा कमी' झुकाव आठवला? शंभराहून अधिक वर्षांनी त्याचं उत्तर मिळालं होतं. प्रॅटनं नंतर, १८५९ मध्ये, स्वतःचं वेगळं स्पष्टीकरण दिलं : मूळ खोल नाही, पण उंच डोंगराखालचा खडकच विरळ घनतेचा आहे. पृथ्वीच्या कवचाच्या या तोलाला पुढे आयसोस्टसी हे नाव मिळालं. भूगोलाच्या पुस्तकात आज ते दोन ओळींत उरकतात. त्याच्या मुळाशी भारतातल्या दोन ओळंब्यांचं न जुळलेलं गणित आहे.

आणि एक न दिसणारी रांग

एवढ्यावर संपलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिडनी बरार्ड या सर्वेक्षण अधिकाऱ्यानं देशभरच्या झुकावांचे आकडे एकत्र मांडले. त्यात विचित्र कल दिसला. मध्य भारतात एका पट्ट्याच्या दक्षिणेचे ओळंबे उत्तरेकडे झुकत होते आणि उत्तरेचे दक्षिणेकडे. जणू मध्ये मोठी डोंगररांग आहे. पण जमिनीवर तेवढी रांग नाही. बरार्डनं अंदाज केला, जड खडकाची एक रांग जमिनीखाली दडलेली आहे, सुमारे २३ अंश अक्षांशाच्या आसपास, पूर्व-पश्चिम पसरलेली. सातपुडा-नर्मदेच्या पट्ट्यात गुरुत्व अपेक्षेपेक्षा जास्त भरतं, हे नंतरच्या गुरुत्वमापनातही दिसलंय.

आता तळोद्याच्या आपल्या ओळंब्याकडे परत या. त्याच्यावर किती जण ओढाताण करतायत बघा. डोळ्यांना दिसणारा सातपुडा, उत्तरेकडे. त्याच्या खाली तूट असेल तर ती दक्षिणेकडे. जमिनीखालचा जड खडक, जिथे असेल तिकडे. दूरवरून हिमालय, ईशान्येच्या बाजूने. ओळंब्याला यातलं एकही नाव ठाऊक नाही. तो सगळ्यांची सदिश बेरीज करतो आणि एका दिशेला स्थिर राहतो. आपलं काम उलटं : त्या एका दिशेवरून कोण किती ओढतंय ते शोधायचं. एका बेरजेवरून अनेक पदं ओळखायची असल्याने एकाहून जास्त उत्तरं शक्य असतात. एअरी आणि प्रॅट दोघांचीही मांडणी म्हणूनच टिकून राहिली.

मग आज याचं काय?

हा प्रश्न मला घरी दर दिवाळीला विचारला जातो, म्हणून उत्तर तयार आहे. आपले जुने नकाशे एव्हरेस्टनं ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर आणि कल्याणपूरच्या आधारबिंदूवर उभे आहेत. जीपीएसचा आधार वेगळा आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी खुले नकाशे या नव्या आधारावर निघू लागले. पण जुने कागद अजून कपाटांत आहेत. तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी या भागात २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या दाव्यांत जमीन जीपीएसने मोजली जाते. जुन्या नकाशावरची रेघ आणि जीपीएसची रेघ आधार न बदलता एकमेकांवर ठेवली तर रेघ सरकते आणि माणसाचं शेत कागदावर भलतीकडे पडू शकतं. त्यामुळे दोन रेघा जुळत नसतील तर 'शेतकरी खोटं बोलतोय' किंवा 'मोजणारा चुकला' असं म्हणण्याआधी विचारायचं, दोन्ही रेघा कोणत्या आधारावर काढल्यात?

प्रॅटची गोष्ट इथे मला उपयोगी पडते. दोन प्रामाणिक मोजण्या जुळत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा दोघींतली एक खोटी नसते. एखादा सदिश धरायचा राहिलेला असतो.

जाता जाता गृहपाठ. वरच्या नमुन्यात क ठोकळ्याची उंची ४०० ऐवजी ८०० मीटर करा आणि पूर्व-पश्चिम घटकाचं काय होतं ते कागदावर काढून बघा. उत्तर कोऱ्या मनाने आधी ओळखा, मग आकडेमोड करा. जुळलं तर समजा, सदिश तुम्हाला कळले.